कणत्वरकाची आरएफ यंत्रणा कशी आखतात? गोव्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

फर्मागुडी, झुआरीनगर, ताळगाव पठार. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरवायचे दिवस आले की या तिन्ही ठिकाणांहून साधारण तेच प्रश्न येतात. कोणी इलेक्ट्रॉनिक्सचं असतं, कोणी फिजिक्सचं, आणि अधूनमधून एखाद्या मुलीचे बाबाही फोन करतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कणत्वरक म्हणजे इलेक्ट्रॉन, प्रोटॉनसारख्या कणांना वेग देणारं यंत्र, आणि आरएफ यंत्रणा म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या विद्युतक्षेत्राने तो वेग देणारा त्याचा भाग. कॉलेजातलं विद्युतचुंबकशास्त्र आठवत असेल तर बहुतेक भाग समजेल. नसेल आठवत तरी हिशेब सोपे आहेत, कॅल्क्युलेटर जवळ ठेवा म्हणजे झालं.

गोव्यात एकही मोठा त्वरक नाही. मग इथे बसून याचा अभ्यास कशाला?

आरएफ यंत्रणेची आखणी आधी कागदावर आणि संगणकावर होते. ते काम डिचोलीतल्या घरात बसूनही करता येतं. शिवाय त्वरक फार लांब नाहीत. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत पेलेट्रॉनला (स्थिर व्होल्टेजवरच्या त्वरकाला) जोडलेला अतिवाहक (सुपरकंडक्टिंग) लिनॅक, म्हणजे सरळ रेषेतला त्वरक आहे, त्याच्या कॅव्हिटी, म्हणजे कणांना वेग देणारे धातूचे पोकळ डबे, १५० मेगाहर्ट्झवर चालतात. इंदूरला आरआरकॅट या केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ हे वर्तुळाकार इलेक्ट्रॉन त्वरक आहेत. आणि कॅन्सरवरच्या रेडिओथेरपीचं मशीन हाही एक लहानसा इलेक्ट्रॉन त्वरकच असतो. समीर या संस्थेने मुंबईत असं देशी मशीन विकसित केलं आहे.

आरएफच का लागतं? मोठा डीसी व्होल्टेज लावून भागत नाही का?

थोड्या ऊर्जेपर्यंत भागतं. पुढे इन्सुलेशन दगा देतं. काही दशलक्ष व्होल्टच्या वर गेलं की ठिणगी कुठून उडेल ते सांगता येत नाही. डीसीची दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. स्थिर विद्युतक्षेत्रात कण फिरून मूळ जागी आला की त्याची निव्वळ कमाई शून्य. म्हणजे एकच व्होल्टेज वर्तुळाकार यंत्रात पुन्हा पुन्हा वापरता येत नाही.

बदलत्या क्षेत्राला ही अट नाही. गुस्ताव इझिंगने १९२४ मध्ये ही कल्पना मांडली आणि रोल्फ विडेरोने १९२८ मध्ये ती करून दाखवली. २५ किलोव्होल्ट, १ मेगाहर्ट्झ. त्याने तोच व्होल्टेज आयनांना दोनदा दिला आणि ५० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळवली. म्हणजे पहिला आरएफ त्वरक मध्यम लहरींच्या पट्ट्यात चालला होता. त्याच पट्ट्यात १२८७ किलोहर्ट्झवर आपल्याकडच्या घराघरांत आकाशवाणी पणजी लागायची.

डिझाइनची सुरुवात कुठून करायची? आम्ही कॅव्हिटी काढायला घेतली आहे.

कॅव्हिटी बाजूला ठेवा. हे उत्तर मला सगळ्यात जास्त वेळा द्यावं लागतं आणि सगळ्यात कमी ऐकलं जातं. सिम्युलेशनमध्ये रंगीत क्षेत्ररेषा दिसायला लागल्या की डिझाइन झाल्यासारखं वाटतं, पण ती कॅव्हिटी कोणासाठी ते अजून ठरलेलंच नसतं.

सुरुवात बीमपासून, म्हणजे कणांच्या झोतापासून करायची. कण कोणता, इलेक्ट्रॉन की प्रोटॉन? आत येताना त्याची ऊर्जा किती, बाहेर जाताना किती हवी? सरासरी प्रवाह किती मिलिअँपिअर? बीम सतत आहे की पल्समध्ये? बंच (कणांचा एक पुंजका) किती लांबीचा आणि ऊर्जेतला फरक किती चालेल? इतकी उत्तरं एका कागदावर आली की व्होल्टेज ठरतो. व्होल्टेज गुणिले प्रवाह म्हणजे बीमला द्यायची पॉवर. तीत कॅव्हिटीच्या भिंतीत जाणारी पॉवर आणि वाटेतली गळती मिळवली की स्रोत केवढा लागेल ते कळतं. कॅव्हिटीचा आकार या साखळीत बराच उशिरा येतो.

इलेक्ट्रॉन काही मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टलाच जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावू लागतो, म्हणून लिनॅकभर एकाच लांबीचे सेल (कॅव्हिटीचे कप्पे) चालतात. प्रोटॉनचा वेग मात्र शेकडो मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत वाढतच राहतो, त्यामुळे दर टप्प्याला वेगळी रचना लागते. अमेरिकेत फर्मिलॅबमध्ये ८०० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा पिप-२ हा लिनॅक उभा राहतो आहे. त्यात १६२.५, ३२५ आणि ६५० मेगाहर्ट्झ अशा तीन फ्रिक्वेन्सी आहेत, प्रत्येक आधीचीच्या दुप्पट. त्या प्रकल्पात भारताचा अणुऊर्जा विभागही भागीदार आहे.

फ्रिक्वेन्सी कोण ठरवतं?

बीम, बाजार आणि शेजारी, असे तिघं मिळून.

आधी मापाचं पाहू. घुमट वाजवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. भांडं मोठं तर आवाज खोल, लहान तर चढा, आणि चामडं उन्हात शेकलं की सूर सरकतो. कॅव्हिटीचंही तेच. साध्या डबीच्या आकाराच्या कॅव्हिटीची त्रिज्या मीटरमध्ये म्हणजे ०.११४७ भागिले गिगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी. ५०० मेगाहर्ट्झला त्रिज्या सुमारे २३ सेंटिमीटर येते. १.३ गिगाहर्ट्झला ८.८ सेंटिमीटर. २८५६ मेगाहर्ट्झला, म्हणजे स्टॅनफर्डच्या तीन किलोमीटर लांबीच्या लिनॅकच्या फ्रिक्वेन्सीला, अवघे ४ सेंटिमीटर. रेडिओथेरपीची मशीनं याच ३ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, कारण ती रुग्णाभोवती फिरणाऱ्या बाहूत मावायला हवीत.

उंच फ्रिक्वेन्सीला तांब्याची कॅव्हिटी लहान होते आणि दर मीटरला व्होल्टेज स्वस्तात मिळतो. पण बीम जायचं भोक बारीक होतं आणि बीमने मागे सोडलेली क्षेत्रं त्यालाच जास्त त्रास देतात. प्रवाह जास्त असेल तर खाली उतरा, ऊर्जा थोड्या जागेत हवी असेल तर वर चढा.

मग बाजार. ज्या फ्रिक्वेन्सीला क्लायस्ट्रॉन (मोठी आरएफ पॉवर देणारी निर्वात नळी) किंवा ट्रान्झिस्टर विकत मिळतो ती निवडा. ३५२, ५००, १३००, २८५६, २९९८ हे आकडे पुन्हा पुन्हा दिसतात ते त्यामुळेच. तुमचा ६१७ मेगाहर्ट्झ गणितात कितीही सुरेख बसला तरी त्यासाठी कोणी नवा क्लायस्ट्रॉन बनवून देणार नाही.

राहिला शेजारी. वर्तुळाकार यंत्रात फ्रिक्वेन्सी ही फेऱ्यांच्या वारंवारतेच्या पूर्ण पटीत हवी. इंडस-२ चा घेर सुमारे १७२.५ मीटर, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या सेकंदाला १७.३८ लाख फेऱ्या. त्याला २९१ ने गुणलं की ५०५.८ मेगाहर्ट्झ. हा आकडा ५०० का नाही? कारण इंडस-२ ला इलेक्ट्रॉन पुरवणारा बूस्टर ३१.६ मेगाहर्ट्झवर चालतो आणि ५०५.८ ही त्याची सोळा पट आहे. दोघांचे बंच एकमेकांच्या वेळेत बसायला हवेत. युरोपातल्या सर्नच्या एलएचसी या मोठ्या वर्तुळाकार त्वरकात सेकंदाला सुमारे ११,२४५ फेऱ्या गुणिले ३५,६४०, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झच्या किंचित वर.

एखादा खरा हिशेब पूर्ण करून दाखवाल का?

इंडस-२ घेऊ. ऊर्जा २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. वळताना इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतो आणि तेवढी ऊर्जा गमावतो. एका फेरीतलं नुकसान किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये काढायचं तर ८८.५ गुणिले ऊर्जेचा चौथा घात, भागिले वळणाची त्रिज्या मीटरमध्ये. २.५ चा चौथा घात ३९, त्रिज्या ५.५६ मीटर. उत्तर ६२० च्या थोडं वर.

प्रवाह २०० मिलिअँपिअर धरा. बीमला लागणारी पॉवर ६२२ किलोव्होल्ट गुणिले ०.२ अँपिअर, म्हणजे सुमारे १२४ किलोवॅट. चार कॅव्हिटी असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला ३१.

आता भिंतीतला खर्च. एकूण व्होल्टेज १५०० किलोव्होल्ट ठेवला तर दर कॅव्हिटीला ३७५. या पट्ट्यातल्या चांगल्या तांब्याच्या कॅव्हिटीचा शंट इम्पिडन्स (खर्च केलेल्या पॉवरला किती व्होल्टेज मिळतो त्याचं माप) ३.४ मेगाओहम धरू. व्होल्टेजचा वर्ग भागिले शंट इम्पिडन्सची दुप्पट केली की २०.७ किलोवॅट येतात. (काही पुस्तकांत व्याख्येतला तो २ नसतो. कोणती व्याख्या वापरली ते पहिल्याच पानावर लिहा, नाहीतर पॉवर दुप्पट किंवा निम्मी होऊन बसते आणि परीक्षकाला ते लगेच दिसतं.)

३१ अधिक २०.७, जवळजवळ ५२ किलोवॅट. वेव्हगाइडमधली (पॉवर वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीतली) गळती, नियंत्रणासाठी राखीव हात, अंड्युलेटर (बीमला नागमोडी वळवणारे चुंबक) बसवले की वाढणारं नुकसान हे धरून दर कॅव्हिटीमागे ६० किलोवॅटच्या वरचा स्रोत हवा. पाच किलोवॅट वाचवायला गेलात तर पुढे प्रवाह वाढवायचा दिवस येतो तेव्हा हात बांधलेले असतात.

याच हिशेबातून कपलरही, म्हणजे कॅव्हिटीत पॉवर शिरवणारा जोडही ठरतो. पूर्ण बीम असताना एकही वॅट परत येऊ नये असं हवं असेल तर कपलिंगचा गुणांक १ अधिक ३१ भागिले २०.७, म्हणजे २.५. पण मग बीम नसताना कॅव्हिटी जुळलेली राहत नाही आणि पाठवलेल्या पॉवरपैकी १८ टक्के परत येते. ती कुठे जाणार याचा विचार आधीच करावा लागतो.

नुकसान ६२२ किलोव्होल्ट, मग १५०० कशाला? हा अपव्यय नाही का?

अपव्यय नाही. जास्तीचा व्होल्टेज बंच एकत्र धरून ठेवतो.

इलेक्ट्रॉन रिंगमध्ये जास्त ऊर्जेचा कण लांबच्या वाटेने जातो आणि उशिरा पोहोचतो. लाटेच्या उतरत्या बाजूवर काम केलं तर उशिरा आलेल्याला कमी व्होल्टेज मिळतो, लवकर आलेल्याला जास्त, आणि दोघंही मध्याकडे ओढले जातात. व्लादिमीर वेक्स्लरने १९४४ मध्ये आणि एडविन मॅकमिलनने १९४५ मध्ये स्वतंत्रपणे हे मांडलं. सिंक्रोट्रॉन उभा आहे तो या फेज-स्थैर्यावर. व्होल्टेज नेमका नुकसानाएवढा ठेवला तर कण लाटेच्या शिखरावर बसेल आणि शिखरावर उतारच नसतो. १५०० किलोव्होल्टला आपला कण उतरत्या बाजूच्या शून्यापासून साधारण २४ अंश अलीकडे बसतो.

एलएचसीत हे आणखी ठळक दिसतं. दर बीमसाठी आठ कॅव्हिटी, एकूण १६ मेगाव्होल्ट. आखणीप्रमाणे ४५० गिगापासून ७ टेरापर्यंत चढायला वीस मिनिटं, म्हणजे फेरीमागे सरासरी अर्धा मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टसुद्धा नाही. बाकीचा सगळा व्होल्टेज बंच आवळून धरायला.

तांबं घ्यायचं की निओबियम?

व्होल्टेज सतत हवा की क्षणभर, त्यावर आहे. निओबियम हा खूप थंड केला की अतिवाहक होणारा धातू. हॅम्बुर्गच्या युरोपियन एक्सफेल या एक्स-रे लेझरच्या लिनॅकमधली नऊ सेलची, १.३ गिगाहर्ट्झची कॅव्हिटी घ्या. साधारण एक मीटर लांबीत सुमारे २४ मेगाव्होल्ट. निओबियमचा क्यू (साठवलेल्या ऊर्जेच्या मानाने गळती किती कमी ते सांगणारा आकडा) दहा अब्ज धरला तर हा व्होल्टेज सतत ठेवायला भिंतीत ६० वॅटसुद्धा जात नाहीत. त्याच आकाराची तांब्याची कॅव्हिटी, क्यू तीस हजार, असेल तर जवळजवळ १९ मेगावॅट लागतील. तांबं तेवढं सोसणारच नाही.

पण ते ६० वॅट २ केल्विनला खर्च होतात. तिथला एक वॅट उपसायला खोलीच्या तापमानाला सातशे ते हजार वॅट मोजावे लागतात, शिवाय हीलियमचा कारखाना, क्रायोस्टॅट, स्वच्छ खोली. म्हणून इंडस-२ सारख्या यंत्राला, जिथे व्होल्टेज दीड मेगाव्होल्ट आणि पॉवर मुख्यतः बीमच खातो, तांबं पुरतं. काही मायक्रोसेकंदांच्या पल्सवर चालणाऱ्या रुग्णालयातल्या लिनॅकलाही तांबंच. एलएचसीने मधला मार्ग काढला, तांब्याच्या कॅव्हिटीला आतून निओबियमचा पातळ थर आणि तापमान ४.५ केल्विन. टीआयएफआरच्या लिनॅकमध्ये तर तांब्यावर शिशाचा मुलामा आहे.

कॅव्हिटीच्या कोपऱ्यांना गोलाई का देतात?

मल्टिपॅक्टिंग टाळायला. भिंतीतून सुटलेला इलेक्ट्रॉन एका आवर्तनानंतर त्याच जागी येऊन आदळला की आणखी इलेक्ट्रॉन सोडतो, मग ते, मग ते. व्होल्टेज पुढे सरकेनासा होतो आणि पॉवर जाते कुठे ते कळत नाही. गोल भिंतीवर असे इलेक्ट्रॉन कॅव्हिटीच्या विषुववृत्ताकडे (सगळ्यात रुंद भागाकडे) सरकत जातात आणि साखळी तुटते. तांब्याच्या कॅव्हिटीत ठिणगीची मर्यादाही बघायची. किलपॅट्रिकच्या जुन्या सूत्राने ३५२ मेगाहर्ट्झला ती मीटरला सुमारे १८ मेगाव्होल्ट येते. आज स्वच्छता आणि निर्वात पोकळी (व्हॅक्यूम) चांगली असल्याने लोक तिच्या दीडपट-पावणेदोनपट जातात.

आम्ही कुंडईला लेथवर ॲल्युमिनियमचं १.३ गिगाहर्ट्झचं मॉडेल करून घेतलं. गणितात १३०० आलं, नेटवर्क ॲनालायझरवर १२९७. कुठे बिघडलं?

बहुधा कुठेच नाही. लेथवाल्याशी भांडायला जाण्याआधी हे बघा.

त्रिज्या ८८.३ मिलिमीटर. त्रिज्येत ०.१ मिलिमीटर फरक पडला की फ्रिक्वेन्सी जवळजवळ दीड मेगाहर्ट्झने सरकते. म्हणजे तुमचे तीन मेगाहर्ट्झ म्हणजे त्रिज्येत ०.२ मिलिमीटर जास्त. ड्रॉइंगवर तुम्ही टॉलरन्स लिहिलाच नव्हता, तर कारखान्याने तो स्वतःच्या समजुतीने घेतला. बोअर गेजने चार ठिकाणी व्यास मोजा आणि मग बोला.

दुसरं कारण तापमान. ॲल्युमिनियम दर अंशाला लाखात २.३ भाग प्रसरण पावतं, १३०० मेगाहर्ट्झला ३० किलोहर्ट्झ प्रति अंश. एसी लॅबमधून वर्कशॉपमध्ये नेलं, आठ अंश चढले, की पाव मेगाहर्ट्झ गेला.

तिसरं कारण परदेशी पाठ्यपुस्तकात ओझरतं असतं आणि आपल्याकडे मात्र ते ठसठशीत दिसतं. कॅव्हिटी तुम्ही हवेत मोजता, ती चालणार निर्वातात. कोरडी हवा फ्रिक्वेन्सी दहा लाखात सुमारे २६० भागांनी खाली आणते. पण जुलैतली आपली हवा, २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता, बाष्पामुळे आणखी १४० भाग खाली ओढते. १३०० मेगाहर्ट्झला हा नुसता दमटपणाचा वाटा १८० किलोहर्ट्झ होतो. ५०० मेगाहर्ट्झच्या कॅव्हिटीला ७० किलोहर्ट्झ, आणि क्यू ४०,००० असलेल्या, २.५ कपलिंगच्या कॅव्हिटीची बँडविड्थच मुळी ४४ किलोहर्ट्झ असते. म्हणजे सकाळी पावसात घेतलेलं आणि दुपारी एसी लावून घेतलेलं मोजमाप एकमेकांशी जुळणारच नाही. मोजताना वहीत तापमान आणि आर्द्रता लिहा, किंवा सरळ कोरडा नायट्रोजन सोडत मोजा.

आणि प्रोब आत किती खुपसलाय? मोजायचा प्रोब इतका मागे ओढा की सिग्नल जेमतेम दिसेल. तोच क्षेत्रात घुसून बसला तर तुम्ही कॅव्हिटी अधिक प्रोब मोजताय.

अक्षावरचं क्षेत्र बघायचं असेल तर मणी ओढण्याची पद्धत वापरा. लहान मणी दोऱ्यात ओवून अक्षावरून हळूहळू सरकवायचा आणि दर जागी फ्रिक्वेन्सी किती सरकली ते नोंदवायचं. हा फरक विद्युतक्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दोरा म्हणून मासे गरवायची बारीक तंगूस उत्तम, ती कुठल्याही मासळी बाजाराशेजारी मिळते. फक्त ताणासाठी खाली वजन लटकवा, नाहीतर मधोमध झोळ पडतो आणि क्षेत्र वाकडं दिसतं.

पॉवर कुठून आणायची? क्लायस्ट्रॉन, सॉलिड स्टेट की मॅग्नेट्रॉन?

क्लायस्ट्रॉन रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या भावांनी १९३७ मध्ये स्टॅनफर्डला बनवला, आणि मेगावॅटच्या घरात अजून त्याला तोड नाही. एलएचसीत दर कॅव्हिटीला ३०० किलोवॅटचा एक. युरोपियन एक्सफेलमध्ये दहा मेगावॅटचा एक क्लायस्ट्रॉन ३२ कॅव्हिटींना पुरवतो. त्याला हजारो व्होल्टचा पुरवठा, शिशाचं आवरण आणि जाणकार माणूस लागतो.

सॉलिड स्टेटमध्ये शेकडो लहान ॲम्प्लिफायर मॉड्यूलांची पॉवर एकत्र करतात. पॅरिसजवळच्या सोलेल या त्वरकाने ३५२ मेगाहर्ट्झला प्रत्येकी १८० किलोवॅटचे असे संच वापरून हा मार्ग रुळवला. इंदूरलाही इंडस-२ साठी क्लायस्ट्रॉनच्या जागी देशी सॉलिड स्टेट ॲम्प्लिफायर आले. चार मॉड्यूल मेली तरी बीम चालू राहतो, पुरवठा ५० व्होल्टच्या आसपासचा, आणि दुरुस्ती बाकावर बसून करता येते. एक गिगाहर्ट्झच्या खाली आणि शंभर-दोनशे किलोवॅटपर्यंत मी आज दुसरं काही सुचवणार नाही.

मॅग्नेट्रॉन स्वस्त आणि आटोपशीर, म्हणून रुग्णालयातल्या मशीनमध्ये चालतो. पण त्याची फेज आवरणं कठीण, त्यामुळे अनेक कॅव्हिटी एकत्र चालवायच्या तिथे तो सहसा नसतो.

घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन काढून प्रयोग करू का?

नको. त्याच्या ट्रान्सफॉर्मरमागे चार हजार व्होल्टच्या घरातला पुरवठा आणि भरलेला कपॅसिटर असतो, प्लग काढल्यावरही. लॅबचा मिलिवॅटचा सिग्नल जनरेटर प्रोजेक्टला पुरेसा आहे.

परत येणाऱ्या पॉवरची एवढी भीती का?

कपलरच्या खिडकीत (हवा आणि निर्वात वेगळे ठेवणाऱ्या पडद्यात) ठिणगी पडली की पूर्ण पॉवर उलटी फिरते. जाणारी आणि येणारी लाट मिळून उभी लाट होते आणि काही जागी व्होल्टेज दुप्पट होतो, म्हणजे चौपट पॉवरला जे दिसेल ते. क्लायस्ट्रॉन याला सरावलेला नसतो. म्हणून मध्ये सर्क्युलेटर, जो परतलेली पॉवर पाण्याने थंड केलेल्या डमी लोडमध्ये वळवतो. सर्क्युलेटर महाग आहे म्हणून आराखड्यातून वगळण्याचा मोह होतो. होऊ देऊ नका. त्याखेरीज खिडकीशेजारी प्रकाश टिपणारा सेन्सर, पोकळीचा गेज आणि काही मायक्रोसेकंदांत आरएफ बंद करणारा इंटरलॉक हवाच. ॲल्युमिनाची ती खिडकी तडकली तर हवा बीमच्या पाइपात शिरते.

लो लेव्हल आरएफ म्हणजे नक्की काय करायचं असतं?

कॅव्हिटीतल्या व्होल्टेजची उंची आणि फेज जागेवर ठेवायची. कॅव्हिटीतून नमुना घ्यायचा, संदर्भाशी ताडायचा, चूक एफपीजीएमध्ये (आतली जोडणी हवी तशी ठरवता येते अशा चिपमध्ये) काढायची आणि ॲम्प्लिफायरचं इनपुट दुरुस्त करायचं. युरोपियन एक्सफेलला फेज ०.०१ अंशात हवी असते. १.३ गिगाहर्ट्झला ते सुमारे २१ फेम्टोसेकंद. इतक्या बारकाईला केबलसुद्धा तापमानाने लांबते ते मोजावं लागतं.

लूपचा गेन वाढवत नेता येत नाही, कारण सिग्नलला वळसा घालून यायला वेळ लागतो आणि उशीर झाला की दुरुस्तीच उलटी पडते. म्हणून ॲम्प्लिफायर कॅव्हिटीजवळ ठेवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना प्रोजेक्टसाठी यापेक्षा चांगला विषय मी सांगू शकत नाही: कॅव्हिटीचं मॉडेल एका एफपीजीएवर, कंट्रोलर दुसऱ्यावर.

अतिवाहक कॅव्हिटीत आणखी एक गंमत. क्षेत्राच्या दाबाने कॅव्हिटी स्वतःच चेपते. एक्सफेलच्या प्रकारच्या कॅव्हिटीत मीटरला २५ मेगाव्होल्टला सुमारे ६०० हर्ट्झ सरकतात, आणि बँडविड्थ चारशेच्या आसपास. म्हणून पिझोचा (व्होल्टेज दिला की लांबी बदलणाऱ्या स्फटिकाचा) ट्यूनर लागतो, जो पल्सच्या बरोबरीने तिला उलट दाबतो.

बीमच यंत्रणेला त्रास देतो म्हणतात, ते कसं?

बंच जाताना कॅव्हिटीत स्वतःचं क्षेत्र सोडून जातो. ते मुख्य मोडमध्ये, म्हणजे बीमला वेग देणाऱ्या कंपनात असेल तर कॅव्हिटी मुद्दाम थोडी डीट्यून करून भरपाई करतात. आपल्या इलेक्ट्रॉन रिंगमध्ये कॅव्हिटीची फ्रिक्वेन्सी आरएफच्या किंचित खाली ठेवायची. वर ठेवली तर बंच डोलायला लागतात, हे रॉबिन्सन या भौतिकशास्त्रज्ञाने साठच्या दशकात दाखवलं. वरच्या मोडमध्ये साचलेली ऊर्जा मात्र बाहेर काढूनच टाकावी लागते, नाहीतर एका बंचने सोडलेलं क्षेत्र पुढच्याला हलवतं. त्यासाठी डँपर किंवा वेगळे कपलर. काही यंत्रांत कॅव्हिटीचं तापमान अचूक निवडून हे मोड बीमच्या फ्रिक्वेन्सींपासून बाजूला सरकवतात.

समजा गोव्यात छोटी आरएफ लॅब उभारली, तर पावसाळ्यात काय सांभाळायचं?

दवबिंदू. २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला तो २६ अंशांच्या आसपास असतो. चिलरचं पाणी सवयीने २० वर लावलं तर पाइप, मॅनिफोल्ड, ॲम्प्लिफायरच्या थंड पट्ट्या सगळ्यांना घाम फुटतो आणि थेंब थेट सर्किट बोर्डवर. एकतर पाणी ३० अंशांवर चालवा (तांब्याच्या कॅव्हिटीला त्याने काही होत नाही, तापमान ०.१ अंशात स्थिर असलं म्हणजे झालं), नाहीतर खोलीच डीह्युमिडिफायरने कोरडी करा. दोन्ही केलंत तर उत्तमच. वेव्हगाइडमध्ये कोरडी हवा थोड्या दाबाने भरलेली ठेवा. समुद्राजवळ असाल तर खारट हवेने कनेक्टर आणि फ्लँज काळवंडतात, ते ऑक्टोबरमध्ये उघडून तपासा.

वीज जाणं हा प्रश्न वेगळा. जनरेटर सुरू होईपर्यंत पोकळीचे पंप आणि नियंत्रण यूपीएसवर राहिले पाहिजेत, हाय पॉवर नाही. वीज परत आली की आरएफ आपोआप चालू होता कामा नये, माणसाने बटण दाबावं.

बीमच नाही, मग किरणोत्साराची काळजी कशाला?

हाय पॉवर दिलेली कॅव्हिटी बीमशिवायही एक्स-रे देते. भिंतीतून सुटलेले इलेक्ट्रॉन क्षेत्रात वेग घेतात आणि समोरच्या भिंतीवर आदळतात. क्लायस्ट्रॉनचा कलेक्टरही तेच करतो. भारतात त्वरक चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. कॉलेजच्या लॅबमध्ये मिलिवॅटवरच थांबा.

सॉफ्टवेअर कोणतं?

गोल सममित कॅव्हिटीसाठी लॉस अलामोसचं सुपरफिश. हाल्बाख आणि होल्सिंगर यांनी १९७६ मध्ये केलेलं, दिसायला जुनाट, पण उत्तर काही सेकंदांत. त्रिमितीय कपलरसाठी सीएसटी किंवा एचएफएसएस कॉलेजात असेल तर वापरा, नसेल तर ओपनईएमएस मोफत आहे. आधी साध्या डबीचं उत्तर सूत्राने काढा आणि सॉफ्टवेअरचं त्याच्याशी जुळतं का बघा. पहिल्या रिपोर्टमध्ये हे पान नसेल तर मी पुढचं वाचत नाही.

मुलगी बारावीला आहे. यात जायचं तर फिजिक्स घ्यावं की इंजिनिअरिंग?

दोन्हीकडून वाट आहे. बीमचं गणित आवडत असेल तर फिजिक्स, हाताने सर्किट लावायला आवडत असेल तर इलेक्ट्रॉनिक्स. मेकॅनिकलवाल्यांचीही गरज असते, कॅव्हिटीचं पाणी, वेल्डिंग, पोकळी हे सगळं त्यांचं. पदवीनंतर बीएआरसीचं प्रशिक्षण केंद्र हा सरळ रस्ता. तिथून ट्रॉम्बे, इंदूरचं आरआरकॅट किंवा कोलकात्याचं व्हीईसीसी. दिल्लीचं आययूएसी आणि मुंबईचं टीआयएफआर इथेही पीएचडी करता येते. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे तिथल्या नोकऱ्यांना आणि प्रशिक्षणाला आपली मुलं अर्ज करू शकतात. बारावीत तिला एवढंच सांगा की एसी सर्किटमधला रेझोनन्सचा धडा ऑप्शनला टाकू नको.